आधी जमीन, मग रंग

प्रस्तावना

गोंदिया शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर, कामठ्याजवळ, धानाच्या बांध्यांच्या मधोमध बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. स्वातंत्र्यानंतर ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती, १९९८ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून इथे वैमानिक घडवणारी संस्था उभी केली. मार्च २०२२ मध्ये इथून प्रवासी विमान उडालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू झाली. बिरसीच्या आकाशात दिवसभर घिरट्या घालणारी छोटी प्रशिक्षण विमानं रात्री हँगरमध्ये येऊन उभी राहतात. हँगर म्हणजे विमानाचं गॅरेजच.

याच परिसरात, आषाढात चिखलणी उरकून आलेला एखादा ट्रॅक्टर गावच्या गॅरेजसमोर थांबतो. चाकांना चिखल, मागच्या बाजूला लोखंडी केजव्हील, इंजिनातून तेलाची धार. मिस्त्री गोणपाट अंथरतो आणि थेट ट्रॅक्टरखाली सरकतो. हँगर आणि हे गॅरेज यांच्यात पैशाचं आणि शिस्तीचं अंतर मोठं आहे, पण दोघांची जमीन एकाच संकटाशी झुंजते: वरून तेल, इंधन, वजन आणि घासणं, खालून तळ्यांच्या मुलखातली ओल. या पुस्तकाचा विषय ती जमीन आहे. ती तयार कशी करायची, तिच्यावर लेप कोणता चढवायचा आणि तो टिकतो किंवा उखडतो तो कशामुळे, हे त्यात सांगितलं आहे.

आधी शब्दाचा खुलासा करायला हवा. इंग्रजी पुस्तकांत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, गाडी उभी करायची खोली. मराठी माणसाला गॅरेज म्हटलं की गाडी दुरुस्त करायची जागा आठवते. घरची गाडी पडवीत, अंगणातल्या पत्र्याखाली किंवा इमारतीच्या पोटातल्या पार्किंगमध्ये उभी असते. या फरकामुळे विषयाचं वजनच बदलतं. परदेशातल्या कार्यशाळेत गाडी यंत्राने वर उचलली जाते आणि कारागीर तिच्याखाली उभा राहतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गॅरेजांत कारागीर खाली बसतो. उकिडवा बसून चाक खोलतो, पाठीवर झोपून सायलेन्सर उतरवतो, नटबोल्ट जमिनीवरच मांडतो, पिस्टनच्या कड्या जमिनीवरच पुसतो. त्याच्यासाठी जमीन म्हणजे कामाचं टेबल, बसायचा पाट आणि निजायची खाट. ती भुकटी सोडत असेल तर ती भुकटी इंजिनात जाते आणि माणसाच्या छातीतही जाते. ती निसरडी असेल तर हातात गिअरबॉक्स घेतलेला पोरगा त्याच वजनाखाली पडतो. गॅरेजच्या जमिनीचा विचार हा शोभेचा विषय मानला जातो, आणि तिथूनच सगळी हेळसांड सुरू होते.

कायद्याने मात्र हा विषय शोभेचा मानलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमात जमीन, जिने आणि ये-जा करायच्या वाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात, त्यांवर अडथळे नसावेत आणि माणूस घसरेल असा पदार्थ सांडलेला नसावा, असं सांगितलं होतं. दोन-तीन माणसांचं गॅरेज या कायद्याच्या कक्षेत येत नव्हतं. पण पाय घसरताना तो कक्षा विचारत नाही.

*

जमिनीवर पातळ थर चढवून ती राखायची, ही कल्पना या मुलखाला नवी नाही. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, घरात सारवण घालणाऱ्या बाईचं काम नीट पाहिलं तर आजच्या लेपशास्त्राचे जवळजवळ सगळे नियम तिथे दिसतात. ती आधी झाडून घेते. जुन्या सारवणाचे सुटलेले पोपडे खरवडून काढते, कारण त्यांच्यावर नवा थर दिला तर तो त्यांच्यासकट उठणार हे तिला ठाऊक असतं. खड्डे मातीने भरून, चोपून घेते. मग पाण्याचा हलका शिपका मारते, म्हणजे कोरडी जमीन शेणकाल्यातलं पाणी एकदम शोषून घेत नाही. हाताने अर्धवर्तुळं काढत पातळ थर देते आणि कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत येते. सारवण वाळेपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू देत नाही. साफसफाई, डागडुजी, शोषण आवरणं, पातळ थर, वाळण्याचा अवकाश: हा क्रम रसायनशास्त्र येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

सारवणाचं आयुष्य आठवड्याचं. ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं म्हणून त्यातली चूकही आठवड्यात पुसली जाते. चुन्याचा कोबा आला तेव्हा हिशेब वर्षांचा झाला. चुना, वाळू आणि विटांचा चुरा एकत्र करून, थापीने दिवसेंदिवस चोपून, घोटून केलेला कोबा जुन्या वाड्यांत पिढ्या टिकला. त्यानंतर शहाबादी फरशी आली. त्यानंतर सिमेंट आलं. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं होतं. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट बाहेर पडू लागलं. १९२२ मध्ये स्वदेशीच्या ध्यासातून मुंबईच्या सिधवा कुटुंबाने सिमेंटच्या रंगीत लाद्यांचा कारखाना काढला. याच सिमेंटने घरोघरी ‘आयपीएस’ म्हणजे इंडियन पेटंट स्टोन या भारदस्त नावाची जमीन आणली. काँक्रीटचा थर, त्यात काचेच्या पट्ट्यांनी पाडलेले चौकोन, वर सिमेंटची घोटाई. त्यात लाल ऑक्साईड मिसळला की तो लाल कोबा. शाळांच्या वर्गांत, सरकारी कचेऱ्यांत, धानाच्या गिरण्यांत तो अजून पायाखाली आहे. भारतीय मानक संस्थेने १९७० मध्ये या जागेवर ओतायच्या सिमेंट जमिनीसाठी आयएस २५७१ ही संहिता सुधारून काढली, आणि इपॉक्सीच्या थरांसाठीही आयएस ४६३१ ही वेगळी संहिता आहे.

इपॉक्सीचा जन्म मात्र कुठल्याही कारखान्याच्या जमिनीसाठी झाला नव्हता. १९३० च्या दशकात झुरिकमधल्या दंतसाहित्याच्या एका कंपनीत काम करणारे प्येर कास्ताँ कवळ्यांसाठी चांगला पदार्थ शोधत होते. दोन द्रव एकत्र केले की आपोआप कडक होणारी आणि कडक होताना फारशी न आकसणारी राळ त्यांना सापडली. कवळ्यांत तिचं बस्तान बसलं नाही. बाझेलच्या सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ च्या प्रदर्शनात ती ‘अराल्डाइट’ नावाने चिकटद्रव्य म्हणून लोकांसमोर ठेवली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी तशीच राळ रंगांसाठी वापरात आणली. जर्मनीत ऑट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन शोधलं होतं. दंतवैद्याच्या टेबलावरून निघालेली राळ आणि फोम-गाद्यांचं घराणं असलेलं पॉलियुरेथेन ही दोन आजच्या लेपांची मुख्य कुळं. त्यांत १९९० च्या दशकात पॉलिॲस्पार्टिकची भर पडली. काही तासांत वाळणारा आणि उन्हाने न पिवळणारा हा लेप आहे.

*

या इतिहासातून आज चार पंथ समोर येतात. नवख्या वाचकाने ते आधीच ओळखून घ्यावेत, कारण दुकानदार आपापल्या पंथाचंच सांगतो.

पहिला पंथ आच्छादनाचा: काँक्रीटवर वेगळी वस्तू बसवायची. शहाबादी, कोटा, तांदूर फरशी, चेकर्ड टाइल्स, हल्ली पार्किंगच्या जाड टाइल्स आणि पेव्हर ब्लॉक. हा पंथ गवंड्याच्या हातातला आहे. फुटलेली एक लादी काढून दुसरी बसवता येते हे त्याचं मोठं बळ. सांधे हा त्याचा कमकुवत भाग: त्यांत तेल मुरतं, जॅकचं टोकदार वजन नेमकं पोकळ लादीवर आलं की ती तडकते.

दुसरा पंथ म्हणतो, काँक्रीटवर काही चढवूच नका, त्यालाच पक्कं करा. ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी निर्वात पंपाने ओढून घ्यायचं आणि यंत्राने घोटायचं, याला आपल्याकडे सरसकट ट्रिमिक्स म्हणतात. ओल्या पृष्ठभागावर कठीण खड्यांचा हार्डनर पेरून घोटणं हा त्याचाच भाऊ. जुन्या काँक्रीटवर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण मुरवलं तर ते आतल्या मोकळ्या चुन्याशी जुळून छिद्रांत घट्ट होतं आणि भुकटी सुटणं थांबतं. यात उखडायला वेगळा थरच नसतो. पण सांडलेलं तेल लगेच पुसलं नाही तर डाग राहतो.

तिसरा पंथ पापुद्र्याचा. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात, एकूण जाडी मिलिमीटरच्या पाव भागापर्यंत. किंवा स्वतःच सपाट पसरणारा दोन-तीन मिलिमीटरचा थर. चकचकीत, धुवायला सोपा, तेलाला दाद न देणारा. विमानाच्या हँगरात हाच पंथ मानला जातो. पंखाखाली वाकून काम करणाऱ्या तंत्रज्ञाला फिकट जमीन खालून उजेड परत देते, आणि पडलेला छोटा स्क्रू लगेच दिसतो. धावपट्टीवर किंवा इंजिनात सापडलेला स्क्रू काय करू शकतो हे विमानतळावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं फॉस्फेट एस्टर जातीचं तेल साध्या रंगाला खाऊन टाकतं, म्हणून तिथे लेपाची निवड त्या तेलापासूनच सुरू होते.

चौथा पंथ जाड थराचा: इपॉक्सी आणि वाळूचा पाच-सहा मिलिमीटरचा गिलावा, किंवा सिमेंट मिसळलेलं पॉलियुरेथेन, सहा ते नऊ मिलिमीटर. गरम पाणी, वाफ, वारंवार धुणं असेल तिथे, म्हणजे दूधप्रक्रिया किंवा उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत, त्याचा कस लागतो. तो महाग आहे, आणि साध्या गॅरेजला क्वचितच लागतो.

हे पुस्तक कुठल्याही एका पंथाची दीक्षा देत नाही. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर रोज आत येणार असेल तर तिसऱ्या पंथाचा सगळ्यात महाग लेपही पहिल्या हंगामात खरवडला जाईल. तिथे हार्डनर घातलेलं साधं काँक्रीटच खरं. दुचाकींच्या गॅरेजला दुसरा आणि तिसरा पंथ दोन्ही शोभतात. घरच्या पार्किंगला, विशेषतः म्हातारी माणसं तिथूनच ये-जा करत असतील तर, चकचकीत लेपापेक्षा खडबडीत टाइल बरी.

*

लेपाची निवड हा विषयाचा लहान भाग आहे. मोठा भाग त्याच्या खाली आहे, आणि पुस्तकाची निम्म्याहून अधिक पानं त्यासाठी खर्ची पडली आहेत.

काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते स्पंजाच्या जातीचं आहे. सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया होते तेव्हा जे पाणी उरतं ते बाहेर पडताना केसाहून बारीक नळ्या मागे ठेवतं. जमिनीत ओल असेल तर त्याच नळ्यांतून ती वर चढते. गोंदिया हा तलावांचा जिल्हा. मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, धानाच्या बांध्यांत महिनोन्‌महिने उभं राहणारं पाणी: पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी फार दूर नसतं. नव्या बांधकामात काँक्रीट ओतण्याआधी मुरुमावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला असेल तर ही वाट बंद होते. जुन्या गॅरेजांत तो बहुधा नसतो. उघड्या काँक्रीटमधून ओल वाफ होऊन गुपचूप निघून जाते, कुणाला कळतही नाही. लेप चढला की तिचा रस्ता अडतो. मग ती लेपाच्या खाली साठते, काँक्रीटमधले क्षार सोबत आणते आणि लेप फोडांसारखा फुगतो. असा फोड टाचणीने टोचला की आतून पाणी निघतं. रंगवाल्याला शिव्या बसतात. खरं कारण सहा इंच खाली असतं.

ही ओल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ जमिनीवर साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि किमान १६ तास तसाच राहू द्यायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळवंडलेलं दिसलं, तर लेपाचं काम थांबवायचं. हीच परीक्षा बिरसीसारख्या ठिकाणी मे महिन्यात केली तर पास आणि ऑगस्टमध्ये केली तर नापास होऊ शकते. म्हणून ती पावसाळ्यातही एकदा करावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

दुसरा शत्रू वरच्या कातडीत असतो. काँक्रीट घोटताना वर आलेलं पाणी सुकवण्यासाठी कारागीर त्यावर कोरडं सिमेंट मारतात आणि थापी फिरवतात. जमीन त्या दिवशी आरशासारखी दिसते. पण दुधावर यावी तशी सिमेंटची एक पातळ, कमकुवत साय तिच्यावर आलेली असते. चावीने जोरात ओरखडा काढला आणि पांढरी पूड निघाली की समजावं, लेप या सायीला चिकटेल आणि साय एक दिवस काँक्रीटला सोडेल.

काँक्रीटवर पाणी टिकवणं हा त्यावरचा आधीचा उपाय. इथल्या शेतकऱ्याला बांधीत पाणी कसं धरायचं हे शिकवावं लागत नाही; नव्या जमिनीवर वाळूची आळी करून पाणी साठवणं हे अगदी तेच काम. आयएस ४५६ ही संहिता साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १० दिवस ओलावा मागते. कोरड्या, उष्ण हवेत हेच १० आणि १४ दिवस करावेत असं सुचवते. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट औष्णिक केंद्रांची राख मिसळलेलं असतं. ते सावकाश पक्कं होतं पण नंतर जास्त घट्ट बनतं, अट एवढीच की त्याला पाणी मिळालं पाहिजे. विदर्भाच्या मे महिन्यात तीन दिवसांत पाणी थांबवलेलं काँक्रीट पुढे आयुष्यभर भुकटी सोडतं. गोंदियाच्या गिरण्यांतून निघणाऱ्या तुसाचीही इथे आठवण व्हावी. तूस बेताच्या आचेवर नीट जाळलं तर त्याच्या राखेत भरपूर सिलिका असते आणि ती काँक्रीटमधल्या चुन्याशी जुळून त्याची छिद्रं आवळते. तांदळाच्या या मुलखाने ज्याला कचरा मानलं तो जमिनीला घट्टपणा देणारा घटक आहे.

तिसरा शत्रू तेल. दहा वर्षं चाललेल्या गॅरेजच्या काँक्रीटमध्ये ते बोटभर खोल गेलेलं असू शकतं. जमिनीवर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पसरून आत मुरला तर काँक्रीटची तोंडं उघडी आहेत. मण्यासारखा उभा राहिला तर तेल, मेण किंवा जुना लेप वाट अडवून बसला आहे. आपल्याकडे यावर सरसकट ॲसिड ओततात. ॲसिड सायीला खातं, तेलाला नाही. उलट ते खोल जाऊन आतल्या सळईला गंज लावणारे क्लोराइड मागे ठेवतं, आणि त्याच्या वाफा बंद गॅरेजात घसा जाळतात. आधी क्षारयुक्त धुलाई, मग हिरे जडवलेल्या पात्यांच्या यंत्राने वरचा थर घासून काढणं, ही आजची सर्वमान्य वाट आहे. घासल्यानंतर जमीन बारीक सँडपेपरसारखी लागली पाहिजे. यंत्राला धूळ ओढणारा पंप जोडलेला असावा किंवा ओलं घासावं, कारण काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की परत निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. त्यासाठी नीट बसणारा, बारीक धूळ गाळणारा मास्कच लागतो. स्लेट-पेन्सिलीच्या कारखान्यांत आणि दगडखाणींत सिलिकोसिसने किती माणसं खोकत गेली हे या देशाने पाहिलं आहे. गॅरेजच्या जमिनीपायी त्यांत एकाचीही भर पडू नये.

भेगांचंही असंच आहे. मेलेली भेग लांबीने भरता येते. जी भेग उन्हाळ्यात मिटते आणि थंडीत उघडते ती जिवंत असते. विदर्भात गोंदियाचा पारा थंडीत सगळ्यात खाली उतरतो अशी अनेक वर्षं असतात आणि मे महिन्यात तोच पंचेचाळिशीला टेकतो. एवढ्या फरकात काँक्रीट हलणारच. त्याच्या सांध्यांवरून सलग लेप ओढला तर तो सांध्याच्या रेषेतच फाटतो.

*

आता प्रत्यक्ष लेपाचा दिवस. एका बादलीत राळ, दुसऱ्या डब्यात तिला कडक करणारा हार्डनर. कारागीर दोन्ही ओततो, संथ फिरणाऱ्या पात्याने तीन मिनिटं ढवळतो, बादलीच्या कडा आणि तळ खरवडून घेतो आणि मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत पालटून पुन्हा ढवळतो. पहिल्या बादलीच्या भिंतीला चिकटलेली कच्ची राळ जमिनीवर गेली तर तिथे वर्षानुवर्षं चिकट ठिपका राहतो. त्यानंतर त्याच्याकडे वेळ नसतो. बादलीत गोळा राहिलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, उन्हाळ्यात तर हात लावता येत नाही इतकं, आणि धूर सोडत दगड होतं. म्हणून तो ढवळून होताच सगळं जमिनीवर लांब पट्ट्यांत ओतून टाकतो, खिळ्यांचे बूट घालून ओल्या लेपावरून चालतो आणि काटेरी रोलरने आतले बुडबुडे फोडत मागे सरकतो. कोपऱ्यापासून दाराकडे, सारवणाच्याच चालीने.

वेळ निवडण्यातही शास्त्र आहे. सकाळी ऊन चढतं तसं काँक्रीट तापतं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या लेपातून सुया टोचल्यासारखी भोकं पाडत बाहेर येते. दुपार कलल्यावर जमीन निवू लागली की हवा आत ओढली जाते आणि अस्तराचा हात सोबत आत जातो. पण हिवाळ्यात बांध्यांवरून धुकं उतरतं, आणि ओल्या इपॉक्सीवर दव पडलं तर पांढुरका, चिकट थर येतो. म्हणून जमिनीचं तापमान दवबिंदूहून किमान ३ अंश वर असावं असा नियम आहे. दुपार आणि दव यांच्या मधली फट झाडीपट्टीत नोव्हेंबरला वेगळी, मार्चला वेगळी असते. कंपनीच्या डब्यावर ती छापलेली नसते.

चकचकीतपणा आणि सुरक्षितता यांचं भांडणही इथेच मिटवावं लागतं. कोरडा इपॉक्सी पायाला घट्ट वाटतो. त्यावर पाणी किंवा डिझेल सांडलं की तोच घात करतो. ओल्या हातावर क्वार्ट्‌झची वाळू किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईडचे खडे पेरून वरून शेवटचा हात दिला की पकड येते. खडे जितके जाड तितकी पकड जास्त, आणि झाडणं तितकं अवघड. पाठीवर झोपणाऱ्या कारागिराच्या कातडीचाही इथे विचार हवा. गाडी धुवायच्या जागी जाड खडे, कामाच्या जागी बारीक, आणि दोन्हीकडे मोरीपर्यंत नीट ढाळ: एकाच गॅरेजात दोन पोत ठेवायला काहीच हरकत नाही. तसाच तापलेल्या टायरचा प्रश्न. खोलीच्या तापमानाला पक्क्या होणाऱ्या अनेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. मे महिन्यात महामार्गावरून आलेल्या गाडीचं चाक त्यावर उभं राहतं, निवताना किंचित आकसतं आणि सैल धरलेला पापुद्रा सोबत उचलून नेतं. नीट घासलेल्या जमिनीवरचा लेप मात्र अशा ओढीला बहुधा पुरून उरतो.

*

हा विषय आत्ताच का, याची कारणं रस्त्यावर दिसतात. गावागावांत ट्रॅक्टर, हार्वेस्टर, दुचाकी वाढल्या; त्यांच्या मागोमाग गॅरेजं वाढली. त्यातली अनेक अजून कच्च्या जमिनीवर आहेत. तिथली माती वर्षानुवर्षं जळक्या तेलाने काळी होते आणि पावसात ते तेल नाल्याला, नाल्यातून बोडीला जातं. लेप दिलेली, ढाळ असलेली जमीन सांडलेलं तेल एका जागी गोळा करते, म्हणजे ते पिंपात भरून देता येतं. ज्या मुलखाचं पोट तलावांवर आणि धानावर आहे, तिथे हे शहरी चोचले नाहीत. शहरांत इमारतींच्या पोटातली पार्किंगं वाढली आहेत. तिथे मुलं खेळतात, म्हातारी माणसं फेऱ्या मारतात आणि पावसाळ्यात गाड्यांनी आणलेल्या पाण्यावरून घसरतात. बिरसीसारख्या ठिकाणी विमानांची देखभाल हा रोजगार होऊ शकतो, आणि त्या कामाची पहिली शिस्त जमिनीपासून सुरू होते. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना इंजिन शिकवलं जातं. ज्या जमिनीवर बसून ते आयुष्यभर इंजिन खोलणार आहेत, तिच्याबद्दल मराठीत वाचायला फारसं मिळत नाही. सामानाच्या डब्यांवरच्या सूचना इंग्रजीत असतात आणि हार्डनर हाताळणारा पोरगा हातमोजे न घालता काम करतो. अमाइन जातीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा कातडीला जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही हात फुटतात, हे त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नसतं.

त्याच्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. गवंडी, गॅरेजमालक, गिरणीतला देखरेख करणारा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी आणि घर बांधू पाहणारं कुटुंब यांनाही ते वाचता यावं अशी त्याची भाषा आहे. त्यात कंपन्यांची शिफारस नाही. प्रत्येक पदार्थाची ओळख तो काय करतो यावरून दिली आहे, दुकानातल्या नावावरून नाही. भावही दिलेले नाहीत, कारण ते छापून होईपर्यंत बदलतात. त्याऐवजी कुठे पैसे वाचवता येतात आणि कुठे वाचवू नयेत, हे सांगितलं आहे. वरचा शेवटचा हात साध्या प्रतीचा चालेल, घासण्याचं यंत्र मात्र भाड्याने आणायलाच हवं, अशा स्वरूपाचं.

या पुस्तकाने आपल्या मर्यादाही ठरवून घेतल्या आहेत. मोठ्या प्रवासी विमानांची हँगरं, रासायनिक कारखाने, शीतगृहं यांच्या जमिनीला अभियंत्याचं गणित लागतं. ते काम इथे केलेलं नाही. खचलेल्या भरावावरच्या, सळई उघडी पडलेल्या काँक्रीटला लेपाने वाचवता येत नाही, तिथे जमीन खोदून नव्याने ओतावी लागते आणि पुस्तक तेच स्पष्ट सांगतं. काही ठिकाणी त्याचा सल्ला लेप न देण्याचा आहे. ओल थांबत नसेल, तर उघडं, सिलिकेट मुरवलेलं काँक्रीट ठेवावं आणि रोज झाडावं.

वाचकाने पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करून घ्यावं. धान्याच्या जुन्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक निघालं तरी चालेल, फक्त ते आरपार दिसणारं आणि भोक नसलेलं हवं. त्याचा हात-दीड हाताचा चौकोन कापून गॅरेजच्या त्या कोपऱ्यात चिकटवावा जिथे पावसाळ्यात जमीन गार लागते. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तो उचलून खाली बघावं. त्या चौकोनात जे दिसेल त्यावरून पुस्तकाचं कोणतं प्रकरण आधी वाचायचं ते ठरेल.